कुलूप केव्हा उघडते?

मुलांच्या नावे सरकारी योजनेत काही रक्कम दीर्घ मुदतीसाठी ठेवावयाची आहे, तर कोणती योजना घ्यावी, असा प्रश्न या सदराच्या वाचकांकडून वारंवार येत असतो. विचारणाऱ्यांत नुकतेच बाप झालेले तरुण असतात, नातीच्या बारशाला काय द्यावे या विचारात पडलेले आजोबा असतात, आणि मुलगी आठवीत गेल्यावर एकदम जाग आलेल्या गृहिणीही असतात. या सर्वांचा पुढचा प्रश्न मात्र बहुधा एकच असतो : ''व्याज सर्वांत जास्त कशात मिळते?''

व्याज विचारू नये असे मी म्हणणार नाही. कष्टाचा पैसा आहे, तो वाढावा असे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु माझ्या मते हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा की, या पैशाला लागणारे कुलूप केव्हा उघडते, आणि ते उघडेल त्या दिवशी माझे मूल किती वर्षांचे असेल? शाळेत इतकी वर्षे काढल्यामुळे मुलांच्या वयाकडे आणि इयत्तेकडे पाहण्याची सवय मला जडली आहे. तिच्यामुळेच कदाचित हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटत असेल. तथापि आपण थोडा हिशेब मांडून पाहू, म्हणजे त्याचे महत्त्व वाचकांच्याही ध्यानात येईल.

प्रथम कुलपाविषयी. दीर्घ मुदतीची योजना म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपणच आपल्या हाताला घातलेला बांध होय. मध्यमवर्गीय घरात हाती असलेला पैसा टिकत नाही, याला कुणाची उधळपट्टीच कारण असते असे नाही. पावसाळ्यात छत गळू लागते, दिराचे लग्न निघते, सासऱ्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन करावे लागते. आणि ही सर्व कामे खरोखरीच करण्याजोगी असतात. मुलाचे कॉलेज मात्र दहा वर्षे दूर असते. जे दूर असते ते रोज मागे पडते. आपल्या आज्या-पणज्या पाटल्या-बांगड्यांत पैसा गुंतवीत, त्यात सोन्याच्या हौसेइतकाच हाही विचार असे की, अंगावरचे सहजासहजी मोडले जात नाही. पोस्टातील दीर्घ मुदतीचे खाते ही त्याच शहाणपणाची आधुनिक आवृत्ती आहे. तेव्हा मुदत ही योजनेतील अडचण नसून तोच तिचा खरा गुण आहे. मात्र ते कुलूप योग्य दिवशी उघडले पाहिजे. अन्यथा घरात विहीर असून तहानेने व्याकूळ व्हावे, तशी गत होते.

आता व्याजाकडे वळू. सरकारी बचतीचा आपल्याकडील इतिहास जुना आहे. सरकारी बचत बँकांसंबंधीचा कायदा १८७३ सालचा. पोस्टाची बचत बँक १ एप्रिल १८८२ रोजी सुरू झाली. ज्याला आपण पी.पी.एफ. म्हणतो तो सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी १९६८ सालापासूनचा, आणि मुलींसाठी असलेली सुकन्या समृद्धी योजना २२ जानेवारी २०१५ रोजी पानिपत येथे जाहीर झाली. या दीर्घ काळात व्याजदराने किती वळणे घेतली ते पाहण्यासारखे आहे. पी.पी.एफ.चा आरंभीचा दर ४.८ टक्के होता. १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत तो १२ टक्के राहिला. २००३ साली तो ८ टक्क्यांवर आला, आणि एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्के झाला; २०२५ साल संपेपर्यंत तो तेथेच होता. सुकन्या योजनेचा दर २०१५-१६ साली ९.२ टक्के होता, एप्रिल २०२० मध्ये ७.६ टक्के झाला आणि १ जानेवारी २०२४ पासून ८.२ टक्के करण्यात आला. २०२५ मध्ये त्यातही बदल झाला नाही. एप्रिल २०१६ पासून हे दर दर तिमाहीला जाहीर होतात, आणि नवा दर या दोन योजनांत जुन्या शिलकेलाही लागू होतो.

याचा अर्थ असा की, आज बाळाच्या नावाने खाते उघडणाऱ्या बापाला वीस वर्षांनंतरचा व्याजदर ठाऊक असणे शक्यच नाही. तो कुणालाच ठाऊक नाही. कुलूप उघडण्याची तारीख मात्र आजच, अगदी दिवसासह, सांगता येते. जे निश्चित आहे ते सोडून जे अनिश्चित आहे त्याच्यावरून निवड करणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे होय.

सुकन्या योजनेचेच उदाहरण घेऊ, कारण तिच्याविषयी सर्वांत अधिक पत्रे येतात. मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वी तिचे आईवडील हे खाते उघडू शकतात. वर्षाला किमान २५० रुपये आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. एका कुटुंबात सामान्यतः दोन मुलींसाठी हे खाते निघते. जुळ्या-तिळ्या मुलींच्या बाबतीत अपवाद आहे. खाते उघडल्यापासून १५ वर्षे पैसे भरावयाचे आणि २१ वर्षांनी ते पूर्ण व्हावयाचे, असा नियम आहे. मधली सहा वर्षे आपण काही भरत नाही, परंतु व्याज चालूच राहते. येथे वाचकांची एक सार्वत्रिक समजूत दुरुस्त करणे अगत्याचे आहे. हे खाते मुलीच्या वयाच्या एकविसाव्या वर्षी पूर्ण होत नाही. खाते उघडल्याच्या दिवसापासून २१ वर्षांनी पूर्ण होते. जन्मताच उघडले तर दोन्ही गोष्टी एकच. नवव्या वर्षी उघडले तर मात्र मुलगी तीस वर्षांची होईल तेव्हा ते पूर्ण होईल.

समजा, एका कुटुंबाने दरवर्षी एप्रिलच्या आरंभी १२,००० रुपये भरावयाचे ठरविले. म्हणजे महिन्याला हजार. दर ८.२ टक्केच राहील असे केवळ हिशेबापुरते गृहीत धरू. पंधरा वर्षांत भरलेली रक्कम १,८०,००० होते आणि २१ वर्षांनी हाती सुमारे ५,७५,००० रुपये येतात. हा आकडा पोस्टातील फलकावर शोभून दिसतो. परंतु मुलीला पैसा लागतो तो सतरा-अठरा वर्षांच्या वयात, बारावीनंतर. नियम असा आहे की, मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर, यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर, मागील आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकेपैकी निम्म्यापर्यंत रक्कम उच्च शिक्षणासाठी काढता येते. प्रवेशाचा किंवा फीचा कागद दाखवावा लागतो, आणि फी असेल तेवढीच रक्कम मिळते.

जन्मताच उघडलेल्या खात्यात अठराव्या वर्षी सुमारे ४,५३,००० रुपये असतील. त्याचे निम्मे म्हणजे सव्वादोन लाखांहून थोडे अधिक. नवव्या वर्षी उघडलेल्या खात्यात अठराव्या वर्षी सुमारे १,६३,००० असतील. त्याचे निम्मे झाले ८२,००० च्या आसपास. योजना तीच, दर तोच, वर्षाचा हप्ता तोच. तारखेने मात्र केवढा फरक केला! उरलेली रक्कम बुडाली असे नव्हे. ती मुलीच्या तिसाव्या वर्षापर्यंत सुखाने वाढत राहील. परंतु ज्या जून महिन्यात फी भरावयाची होती तो जून केव्हाच निघून गेलेला असेल.

माझ्या पाहण्यात असे एक कुटुंब आहे. मुलगी हुशार, नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेला. वडिलांनी ती नऊ वर्षांची असताना खाते उघडले होते आणि एकही वर्ष चुकविले नव्हते. 'वेळ आली की पैसा तयार आहे' या भरवशावर त्यांनी दुसरी काहीच तरतूद केली नाही. प्रवेशाच्या वेळी निम्मीच रक्कम मिळेल हे त्यांना समजले, तेव्हा पत्नीचे दागिने गहाण पडले. मुलगी शिकली, ही आनंदाची गोष्ट. परंतु त्या घरातील दोन वर्षे कशी गेली ते शेजाऱ्यांना ठाऊक आहे. त्या गृहस्थांनी बचत कमी केली नव्हती. त्यांची तारीख तेवढी चुकली होती. सुकन्या खाते त्यांनी घेतले ते योग्यच होते. त्याच्या जोडीला अठराव्या वर्षी सुटणारी आणखी एखादी पुरचुंडी असती, तर दागिने पेटीतच राहिले असते.

ही दुसरी पुरचुंडी कोणती, ते मुलाच्या आजच्या वयावर अवलंबून आहे. मूल पाच वर्षांच्या आतले असेल तर पी.पी.एफ. उत्तम. मुलगा असो वा मुलगी, पालक म्हणून आईवडिलांपैकी कुणाही एकाला मुलाच्या नावे हे खाते उघडता येते. दोघांनी त्याच मुलाच्या नावे दोन खाती उघडणे नियमात बसत नाही. वर्षाला किमान ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. तथापि ही दीड लाखाची मर्यादा पालकाचे स्वतःचे खाते आणि मुलाचे खाते मिळून आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. मुदत १५ वर्षांची. पण ती खाते उघडले ते आर्थिक वर्ष संपल्यानंतर मोजावयाची. म्हणून मार्चमध्ये उघडलेले खाते एप्रिलमध्ये उघडलेल्या खात्यापेक्षा तब्बल एक वर्ष आधी पूर्ण होते. एका महिन्याच्या विलंबाने वर्ष जाते, ही गोष्ट पालकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. दोन-तीन वर्षांच्या बालकाच्या नावे आज खाते उघडले तर ते त्याच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास पूर्ण होते, म्हणजे अगदी वेळेवर. वर्षाला १२,००० रुपये, दर ७.१ टक्के, असे धरले तर पंधरा हप्त्यांचे सुमारे सव्वातीन लाख होतात. मुदतीनंतर पैसे लागणार नसतील तर खाते पाच पाच वर्षांनी वाढविता येते. मध्येच अडचण आली तर सातव्या आर्थिक वर्षापासून ठरावीक मर्यादेत रक्कम काढता येते. सुकन्येपेक्षा व्याज कमी, पण कुलूप अधिक समजूतदार.

मुले मोठी असतील, म्हणजे मुलगा बारा-तेरा वर्षांचा असेल, तर पंधरा वर्षांच्या योजनेत शिरणे म्हणजे लग्न आटोपल्यावर मांडव घालण्यासारखे आहे. अशा पालकांनी निराश होण्याचे कारण नाही. त्यांच्यासाठी राष्ट्रीय बचत पत्र आहे. मुदत पाच वर्षे, आणि खरेदीच्या दिवशी जो दर असेल तोच अखेरपर्यंत कायम राहतो. एप्रिल २०२३ मध्ये ठरलेला ७.७ टक्के दर २०२५ मध्येही चालू होता. त्या दराने १०,००० रुपयांचे पाच वर्षांनी १४,४९० होतात. या पत्रांचा एक घरगुती उपयोग मी अनेक पालकांना सुचवीत आलो आहे. मूल तेराव्या वर्षात असताना एक पत्र घ्यावे, चौदाव्यात दुसरे, पंधराव्यात तिसरे, असे सतराव्या वर्षापर्यंत चालू ठेवावे. पहिले पत्र अठराव्या वर्षी सुटते, दुसरे एकोणिसाव्या, आणि शेवटचे बाविसाव्या. कॉलेजच्या प्रत्येक वर्षाच्या फीला त्या त्या वर्षीचे पत्र हजर! मोठ्या रकमेची गरज नाही. नियम तेवढा मोडू नये. या पत्रांचे व्याज करपात्र असते, हे मात्र विसरू नये. पी.पी.एफ. आणि सुकन्या या दोहोंचे व्याज करमुक्त आहे. भरलेल्या रकमेवर मिळणारी वजावट मात्र जुन्या करपद्धतीतच मिळते, नव्या पद्धतीत मिळत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये 'एन.पी.एस. वात्सल्य' नावाची आणखी एक योजना आली आहे. तिच्याविषयीही विचारणा होते. तिच्यातील रक्कम बाजारावर अवलंबून असते, ठरावीक व्याजाची हमी नाही. आणि मूल सज्ञान झाल्यावर ते खाते सर्वसाधारण निवृत्तिवेतन योजनेत नेता येते. नातवाच्या म्हातारपणाची काळजी आजच करणारे कुणी असतील तर त्यांच्या दूरदृष्टीला माझा नमस्कार. परंतु ज्यांना कॉलेजची फी भरावयाची आहे त्यांनी तिला पहिले स्थान देऊ नये, एवढेच मी म्हणेन. तिचे कुलूप मुख्यतः वार्धक्याच्या दाराला आहे.

आतापर्यंत आपण सरकारने सांभाळलेल्या पैशाविषयी बोललो. सरकार स्वतः देते त्या पैशाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण संकोचामुळे म्हणा किंवा अज्ञानामुळे म्हणा, पुष्कळ पात्र कुटुंबे त्यापासून वंचित राहतात. आमच्या मध्य प्रदेशात २००७ पासून लाडली लक्ष्मी योजना आहे. १ जानेवारी २००६ नंतर जन्मलेल्या, अंगणवाडीत नोंद झालेल्या आणि आयकर न भरणाऱ्या आईवडिलांच्या मुलींना तिचा लाभ मिळतो. सहावीत २,०००, नववीत ४,०००, अकरावी व बारावीत प्रत्येकी ६,०००, बारावीनंतरच्या उच्च शिक्षणासाठी दोन हप्त्यांत २५,००० आणि एकविसाव्या वर्षी १,००,००० रुपये, अशी एकूण १,४३,००० रुपयांची ही तरतूद आहे. शेवटच्या लाखासाठी मुलीने बारावीच्या परीक्षेस बसलेले असावे आणि तिचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले नसावे, अशी अट आहे. महाराष्ट्रातील आपल्या नातेवाइकांसाठी 'लेक लाडकी' योजना आहे. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांतील मुलींना तीत टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये मिळतात. बडोद्याच्या वाचकांसाठी गुजरातची 'व्हाली दीकरी' योजना आहे. २ ऑगस्ट २०१९ नंतर जन्मलेल्या आणि वार्षिक उत्पन्न दोन लाखांपर्यंत असलेल्या घरांतील मुलींना तीत एकूण १,१०,००० रुपये मिळतात.

या योजनांची एक गोष्ट मला, एक शिक्षक म्हणून, फार आवडते. त्यांनी कुलपाच्या किल्ल्या शाळेच्या हाती दिल्या आहेत. सहावीत नाव असेल तर एक दार उघडते, नववीत असेल तर दुसरे. सहावीतले दोन हजार ही रक्कम मोठी नव्हे, हे मलाही कळते. परंतु 'पोरीला आता घरी बसवू' असे म्हणणाऱ्या बापाला नववीपर्यंत थांबविण्याचे काम या लहान रकमा करतात, हे मी वर्गाच्या हजेरीपटावर पाहतो.

येथे एक नाजूक विषय निघतो. घरात मुलगा व मुलगी दोन्ही असल्या की बचतीच्या पासबुकांवर न लिहिलेली दोन शीर्षके असतात. मुलाचे ते 'शिक्षणासाठी' आणि मुलीचे ते 'लग्नासाठी'. सुशिक्षित घरेही याला अपवाद नाहीत. कायद्याने सुकन्या खात्यावर असे काही लिहिलेले नाही. शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढण्याची सोय आहे, तशी अठरा वर्षांनंतर लग्नाच्या वेळी खाते बंद करण्याचीही सोय आहे. कोणते दार वापरावयाचे ते घराने ठरवायचे असते. माझ्या परिचयातील एका गृहस्थांकडे मुलीच्या खात्यात मुलाच्या दुप्पट रक्कम होती. मुलीला बी.एस्सी. करावयाचे होते. ''तिचा पैसा मोडायचा नाही, तो कार्याचा आहे,'' असे म्हणून त्यांनी तिला घराजवळच्या कॉलेजात बी.ए.ला घातले. दुप्पट पैसा असूनही निम्मे शिक्षण! पैसा तिच्याच नावावर होता, परंतु तो तिचा कधी झालाच नाही. म्हणून योजना निवडताना पतिपत्नींनी एकदा बसून स्पष्ट ठरवावे की, हा पैसा कशासाठी आहे, आणि शिक्षणाची निकड आली तर तो प्रथम तेथेच जाईल. लग्नकार्ये कमी खर्चात होऊ शकतात, आणि झालेलीही आपण पाहिली आहेत. फी मात्र कमी करून मिळत नाही.

या सर्व हिशेबात महागाईचा विसर पडू देऊ नये. पाच-पावणेसहा लाखांचा आकडा ऐकून निर्धास्त होणाऱ्यांनी एवढे करावे. आज ज्या शिक्षणाला एक लाख लागतात त्याचा खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढला, तर अठरा वर्षांनी त्यालाच सुमारे २,८५,००० रुपये लागतील. म्हणजे सरकारी योजना मुलाचे सर्व शिक्षण पार पाडील असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. ती पाया घालते. भिंती उभारण्यासाठी शिष्यवृत्ती, आपला त्या वेळचा पगार आणि प्रसंगी शैक्षणिक कर्ज यांची जोड लागेलच. परंतु ज्याचा पाया घातलेला आहे त्याला कर्ज कमी लागते, आणि कमी कर्ज असलेल्या मुलाला पहिली नोकरी थोडी निवडून घेता येते. हा लाभ कोणत्याही व्याजाच्या कोष्टकात दिसत नाही.

आता व्यवहारातील काही लहानसहान गोष्टी. पी.पी.एफ. आणि सुकन्या या दोन्ही खात्यांत व्याज मोजताना महिन्याच्या पाच तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक धरतात. म्हणून पैसे भरावयाचे ते पाच तारखेच्या आत. सहा तारखेला भरले तर त्या महिन्याचे व्याज गेले. वर्षाचा हप्ता एकदम जमत असेल तर तो एप्रिलच्या पहिल्या पाच दिवसांत भरणे सर्वांत लाभाचे. किमान रक्कम एखाद्या वर्षी भरली गेली नाही तर खाते खंडित होते. दंड भरून ते पुन्हा चालू करता येते, परंतु तशी वेळच येऊ देऊ नये. बदलीची नोकरी असणाऱ्यांनी चिंता करू नये, कारण खाते एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येते.

आजोबा-आजींसाठी एक स्वतंत्र सूचना. नातीच्या प्रेमापोटी अनेकांनी स्वतः पालक होऊन सुकन्या खाती उघडली होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आलेल्या सूचनांनुसार अशी खाती मुलीच्या नैसर्गिक पालकांच्या, म्हणजे आईवडिलांच्या, किंवा कायदेशीर पालकाच्या नावे करून घेणे आवश्यक आहे. कुणाचे राहिले असेल तर त्यांनी लवकर पोस्टात जाऊन चौकशी करावी. आजोबांनी पैसे अवश्य द्यावेत. खाते मात्र आईवडिलांनी चालवावे.

आणि नावाविषयी. जन्माचा दाखला, आधारपत्र, शाळेची दाखल-खारिज नोंदवही आणि पासबुक या चारही ठिकाणी मुलाचे नाव व जन्मतारीख अक्षरशः एकच असावी. आपल्या मराठी नावांचा हिंदी वा इंग्रजी लिपीत जाताना कसा कायापालट होतो, ते येथे राहणाऱ्यांना मी सांगावयास नको. कुठे वडिलांचे नाव मध्ये येते, कुठे गळते. 'श्री'चे स्पेलिंग दोन तऱ्हांनी होते. मूल पहिलीत असताना हा घोळ अर्ध्या दिवसात निस्तरता येतो. बारावीनंतर, प्रवेशाची मुदत उद्या संपत असताना, तोच घोळ डोळ्यांत पाणी आणतो.

शेवटची सूचना पैशाची नाही. एके काळी शाळाशाळांतून 'संचयिका' चालत असे. मुले आपल्या खाऊच्या पैशातून चार आणे-आठ आणे भरीत, आणि मुलेच तिचा हिशेब ठेवीत. जमणारी रक्कम क्षुल्लक असे. पण आपल्या नावापुढे आकडा वाढताना पाहण्याचा जो अनुभव असे, तो क्षुल्लक नव्हता. आज आपण मुलांसाठी हजारो रुपये भरतो आणि मुलांना त्याचा पत्ताही नसतो. मूल दहा-अकरा वर्षांचे झाले की वर्षातून एकदा, व्याज जमा झाल्यावर, त्याचे पासबुक त्याच्या हाती द्यावे. चक्रवाढ व्याजाचे गणित त्याला त्याच्याच पैशावर करू द्यावे. कुलूप केव्हा उघडणार, ती तारीख त्याला पाठ असावी.

कारण अठराव्या वर्षी हे खाते त्याचे किंवा तिचे स्वतःचे होते. पालकाची सही संपते आणि मुलाची सही सुरू होते. ज्या मुलाने आठ वर्षे ते पासबुक पाहिले आहे, ते त्या पैशाकडे आईवडिलांच्या कष्टाची ठेव म्हणून पाहील. ज्याला ते अचानक मिळाले, त्याला मोटारसायकलचे दुकान आधी दिसले तर दोष कुणाला द्यावयाचा?

तेव्हा वाचकहो, पोस्टात जाण्यापूर्वी आज रात्री जेवणे आटोपल्यावर एक कोरा कागद घ्या. एका बाजूला मुलांची नावे व आजची वये लिहा. समोर त्यांची दहावी, बारावी आणि पदवीची वर्षे मांडा. मग कोणत्या योजनेचे कुलूप कोणत्या वर्षी उघडते, ते त्यांच्या शेजारी लिहीत जा. जेथे वर्षे जुळतील तेथे पैसे ठेवा. जेथे जुळणार नाहीत तेथे दुसरी पुरचुंडी बांधा. व्याजाचा स्तंभ सर्वांत शेवटी भरला तरी चालेल.